बारभाईची शेती आणि गावाचा आराखडा

गावाचा आराखडा कोणी लिहावयाचा, या प्रश्नाला महाराष्ट्राच्या ग्रामविकास विभागाने २०१५ साली असंदिग्ध उत्तर दिले होते. चौदाव्या वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतींच्या हाती येणार, तेव्हा त्याच्या विनियोगाची योजना गावाने स्वतः करावयाची, असे ते उत्तर होते. उपक्रमाला नावही साजेसे दिले गेले : ‘आमचं गाव, आमचा विकास’. शिवारफेरी काढावयाची, गावाचा नकाशा जमिनीवर आखावयाचा, महिलांची सभा वेगळी घ्यावयाची, वंचित घटकांची वेगळी, मुलांचीही वेगळी. आणि या सर्वांतून जे निघेल ते ग्रामसभेपुढे ठेवून तिच्या मंजुरीने आराखडा पक्का करावयाचा. चौदाव्या आयोगाने २०१५ ते २०२० या पाच वर्षांसाठी देशातील ग्रामपंचायतींना दोन लाख कोटी रुपयांहून थोडी अधिक रक्कम देऊ केली होती. मधल्या कोणाच्या हाताला न लागता एवढा पैसा गावापर्यंत पोहोचण्याचे प्रसंग आपल्या देशात थोडेच आले आहेत. तेव्हा कागदावरच्या या योजनेत खोट काढावयास फारशी जागा नव्हती, आणि आजही नाही.

खोट निघते ती लिहिणाऱ्याच्या हातापाशी.

नायगाव म्हटले की बाहेरच्या वाचकाला सावित्रीबाईंचे जन्मगाव आठवते; ते सातारा जिल्ह्यात. हे नायगाव नांदेडहून देगलूरमार्गे हैदराबादकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, एके काळी बिलोली तालुक्यात असलेले आणि पुढे स्वतंत्र तालुक्याचे ठिकाण झालेले. सोयाबीन, कापूस आणि तुरीचा हा मुलूख. येथील गावांत, शेजारच्या बिलोली-मुखेडात किंवा पलीकडे लातूर जिल्ह्याच्या जळकोट-उदगिरात आराखडा प्रत्यक्षात कसा तयार होतो, हे पक्षाच्या कार्यकर्त्यांना नव्याने सांगण्याची गरज नाही. गेल्या वर्षीची फाइल उघडली जाते. रस्ता, नाली, पेव्हर ब्लॉक, सभागृहाची दुरुस्ती, हायमास्ट दिवा, या यादीतील रकमा थोड्या इकडेतिकडे होतात. सभेची दवंडी दिली जाते. गणपूर्तीला मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसे हवीत; ती जमत नाहीत म्हणून सभा तहकूब होते; आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसल्यामुळे पुढे सारे सुरळीत पार पडते. सह्यांचे रजिस्टर नंतर घरोघर फिरते. अपवाद आहेत, आणि ते कार्यकर्त्यांना नावानिशी ठाऊक आहेत. ते असे नावानिशी ठाऊक असावेत, इतकी त्यांची संख्या थोडी आहे, हेच दुखणे होय.

या दुखण्याचे निदान सामान्यतः ‘लोक येत नाहीत’ असे केले जाते. अधिकारी ते करतात, पुढारी करतात, आणि अलीकडे आपले कार्यकर्तेही करू लागले आहेत. निदान सोयीचे आहे, कारण त्यात दोष अनुपस्थितांच्या माथी जातो. परंतु जेथे लोक येतात तेथे तरी काय होते, हे पाहिले पाहिजे. समजा, एखाद्या वस्तीवरील बाई सभेत उठून म्हणते की नळाला पाणी दुपारी येते आणि दुपारी आम्ही सगळ्या शेतात असतो, घरी पाणी भरायला माणूस नसते. हे वाक्य कार्यवृत्तात उतरते तेव्हा त्याचे ‘पाणीपुरवठा योजनेबाबत सविस्तर चर्चा झाली’ असे होते, आणि आराखड्यात पोहोचते तेव्हा ‘पाइपलाइन दुरुस्ती’ अशी नोंद होऊन तिच्यापुढे रक्कम पडते. बाईची मागणी बिनपैशाची होती. पाणी सकाळी सहाला सोडा, एवढेच तिचे म्हणणे होते. तिच्या बोलण्याचे बांधकामात रूपांतर करणाऱ्याने लबाडीच केली असे मुळीच नव्हे; आराखड्याच्या नमुन्यात कामाचे नाव आणि अंदाजित खर्च एवढेच रकाने आहेत, आणि लिहिणाऱ्याला त्या रकान्यांबाहेर लिहिता येत नाही. पण बाईच्या हाती लेखणी असती तर तिने तो रकाना ओलांडला असता. बोलणारे शंभर आणि लिहिणारा एक, अशी रचना असली की शंभरांचे बोलणे एकाच्या समजुतीएवढे आखूड होते. सभेत माणसे का येत नाहीत याचे एक उत्तरही येथेच मिळते. दोनदा येऊन, बोलून, आपले शब्द कोठेच न सापडलेला माणूस तिसऱ्या वेळी कशाला येईल?

लिहिणारा हा ‘एक’ कोण, हेही नीट पाहण्यासारखे आहे. तो म्हणजे ग्रामसेवक, ज्याला २०२४ सालापासून ग्रामपंचायत अधिकारी असे भारदस्त नाव मिळाले. त्याच्याकडे पुष्कळदा एकाहून अधिक गावांचा कारभार असतो. घरपट्टी त्याने वसूल करावयाची, दाखले त्याने द्यावयाचे, वरून येणारे प्रत्येक खात्याचे तक्ते त्याने भरावयाचे. त्याच्या शेजारी बसतो तुटपुंज्या मानधनावरचा संगणक परिचालक. आराखडा शेवटी केंद्राच्या ई-ग्रामस्वराज प्रणालीत भरावा लागतो. २०२० पासून ती देशभर चालू आहे, आणि तीत शिरण्याची किल्ली या दोघांकडे व सरपंचाच्या डिजिटल सहीकडे असते. ठरलेल्या तारखेच्या आत आराखडा चढविला नाही तर निधी अडतो, म्हणून शेवटच्या आठवड्यात रात्री जागून आकडे भरले जातात. ज्याच्यावर सर्वांच्या वतीने लिहिण्याचा भार टाकला आहे, त्याला सर्वांना भेटण्याचा वेळ मात्र आपण ठेवलेला नाही. त्याला खलनायक ठरवून लेख लिहिणे सोपे आहे; ते अन्यायाचे होईल.

मग अनेकांनी मिळून लिहावे, असे म्हटले की गावातील जाणती माणसे हसून एक म्हण ऐकवितात : बारभाईची शेती, काय लागेल हाती. म्हणीला अनुभवाचा आधार नाही असे कोण म्हणेल? सामाईक विहिरीचा गाळ कोणीच काढत नाही, हे प्रत्येक भाऊबंदकीने पाहिले आहे. तथापि बारभाईंची जी गोष्ट इतिहासात आहे, ती या म्हणीहून निराळी आहे. नारायणराव पेशव्यांचा १७७३ साली खून झाल्यावर राघोबादादांना बाजूस सारून, तान्ह्या सवाई माधवरावांच्या नावाने ज्यांनी राज्याचा गाडा ओढला, ते सखारामबापू, नाना फडणीस आणि त्यांचे सहकारी हेच बारभाई. त्यांच्यात मत्सर होता, कुरबुरी होत्या, पुढे फाटाफूटही झाली. पण त्या आणीबाणीत राज्य वाचविले ते एका कर्त्या पुरुषाने नव्हे, या भांडखोर मंडळानेच. मराठी भाषेने त्यांच्या उद्योगाला ‘कारस्थान’ म्हणून ठेवले आणि चेष्टा तेवढी जपली. त्याच भाषेत ‘गाव करी ते राव न करी’ हीही म्हण आहे, आणि सावड, वारंगुळा, इर्जिक हे शब्दही आहेत. नांगरटीच्या दिवसांत दहा घरचे नांगर एकाच्या शेतात उभे राहत, तेव्हा ती बारभाईचीच शेती असे, आणि ती वेळेवर उरकत असे. कारण साधे होते. कोणाचा नांगर कोणत्या तासाला चालेल हे ठरलेले असे, आणि कोणी आला नाही तर ते साऱ्यांना दिसत असे. अनेकांच्या हाती काम दिल्याने ते बुडत नाही. कोणाच्या हाती काय दिले हे कोणालाच ठाऊक नसले म्हणजे बुडते.

लातूरकरांना हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर गावे गाढ झोपलेली असताना, किल्लारी परिसर हादरला आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे दगड-मातीच्या भिंती आणि जड माळवदांखाली गाडली गेली. त्यानंतरच्या पुनर्वसनात एकाच वेळी दोन प्रकारची नियोजने चालली, आणि त्यांची तुलना आज तीन दशकांनंतरही उद्बोधक आहे. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसविली गेली. तेथे घरांचे आकार जमीनधारणेवरून ठरले : भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्यांना २५० चौरस फूट, त्यापुढे सात हेक्टरांपर्यंत ४००, आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्यांना ७५०. नकाशे अभियंत्यांनी काढले, बरीच गावे देणगीदार संस्थांनी बांधली. जागेच्या निवडीला ग्रामस्थांची संमती घेतली गेली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण उभे राहिले ते चौकटी आखलेल्या कागदासारखे गाव. रुंद सरळ रस्ते, एकमेकांपासून दूर दूर उभी घरे. जुन्या गावातील वाड्याचे अंगण, गुरांचा गोठा, बायकांच्या बसण्या-उठण्याचा बोळ, यांना त्या कागदावर जागा नव्हती. जमिनीवरची विषमता मात्र चौरस फुटांत नेमकी मोजून नव्या गावात आणली गेली होती. घर मिळाल्याचे समाधान होते. पुढे माणसांनी त्या घरांना पडव्या काढल्या, शेड ठोकल्या, आणि नकाशात न झालेली आपली दुरुस्ती वर्षानुवर्षे पत्र्याने आणि कुडाने केली.

दुसरे नियोजन मोडक्या घरांच्या दुरुस्तीचे व बळकटीकरणाचे. हजाराहून अधिक गावांत पसरलेल्या या कामात पैसा हप्त्याहप्त्याने घरमालकाच्या खात्यात गेला आणि बांधकाम त्यानेच करून घ्यावयाचे होते. येथे शासनाला एक गोष्ट लवकर उमगली, हे तिच्या श्रेयाला जमा केले पाहिजे, की अभियंता आणि घरमालक यांच्यात दुवा नसेल तर पैसा खर्च होईल आणि घर पूर्वीसारखेच कच्चे राहील. ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या साह्याने गावोगावच्या महिला ‘संवाद सहायक’ म्हणून नेमल्या गेल्या. या बायका घराघरांत जाऊन अभियंत्याची भाषा घरच्यांना सांगत, आणि घरच्यांची अडचण अभियंत्याला. पुढे त्यांतील कित्येकींनी वाळू-सिमेंटचे प्रमाण तपासण्यापर्यंत मजल मारली. हेही सांगितले पाहिजे की लोकांच्या हाती निर्णय आल्यावर लोकांनी तज्ज्ञांचे सगळे ऐकले नाही. अभियंत्यांचा आग्रह जुन्या दगडी भिंतींना लोखंडाने व सिमेंटने बळकटी देण्याचा होता. बहुसंख्य घरमालकांनी मिळालेल्या पैशात नवी खोली बांधली. ज्या दगडाने घरची माणसे मारली, त्या दगडावर कोणाचा विश्वास उरला नव्हता. शास्त्राच्या दृष्टीने हा निर्णय अपुरा ठरतो, कारण जुने घर धोकादायकच राहिले आणि माणसे त्यातही वावरत राहिली. लोक लिहितात तेव्हा लोकांच्या चुकाही आराखड्यात येतात. पण ५२ गावांच्या नकाशांतील चुका दुरुस्त करावयास कोणाकडे जावे हे कोणालाच कळत नव्हते. येथे निदान चूक करणारा आणि ती भोगणारा एकाच छपराखाली होता, आणि त्याच्याशी वाद घालावयास संवाद सहायक दाराशी येत होती.

आराखड्यात हात कोणाचे, या प्रश्नाला मराठवाड्यात आणखी एक बाजू आहे, जिची चर्चा फार कमी होते. ती म्हणजे पंचांगाची. ग्रामसभेचे ठरलेले दिवस २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. लोकसहभागाच्या नियोजनाची देशव्यापी मोहीम २०१८ साली २ ऑक्टोबरलाच सुरू झाली, आणि पुढील वर्षीच्या आराखड्याचे खरे काम तेव्हापासून हिवाळाभर चालते. मुखेड-कंधारच्या बालाघाटी पट्ट्यातून उसाच्या टोळ्या नेमक्या दसरा-दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. नायगाव-बिलोलीकडील कित्येक कुटुंबे त्याच दिवसांत बांधकामावर हैदराबादची वाट धरतात. म्हणजे गावाची योजना लिहिली जाते तेव्हा ज्यांना गावात रोजगार, पाणी, धान्य आणि मुलांसाठी वसतिगृह सर्वांत अधिक हवे आहे, तेच गावात नसतात. त्यांच्या घरांना कुलपे असतात आणि त्यांच्या नावापुढे ‘गैरहजर’ लिहिले जाते. हा योगायोग कोणी घडवून आणलेला नाही. परंतु शासनाचे वर्ष मार्चअखेरीला संपते म्हणून भूमिहीनाचे म्हणणे दरवर्षी राहून जावे, हे कोणत्याही न्यायात बसत नाही. मे महिन्यात टोळ्या परततात. आराखड्याची पहिली चर्चा १ मेनंतरच्या पंधरवड्यात, मातंग आणि बौद्ध वस्त्यांत, तांड्यांवर, त्यांच्या पारावर का होऊ नये, याला कोणताही नियम आड येत नाही. स्मशानभूमीला जाणारा रस्ता कोणाच्या बांधावरून अडला आहे, हे त्या पारावर जितक्या स्पष्टपणे सांगितले जाईल तितके ग्रामपंचायतीच्या सभागृहात, त्या बांधाचा मालक समोर बसलेला असताना, सांगितले जाणार नाही. बाबा आढावांच्या ‘एक गाव, एक पाणवठा’ चळवळीने १९७०च्या दशकात गावोगाव फिरून हेच दाखविले होते, की गावाच्या सामाईक गोष्टी कोणासाठी सामाईक आहेत हे गावाला विचारून भागत नाही, पाणवठ्यावर जाऊन पाहावे लागते.

अनेक हातांनी एक आराखडा लिहावा असे म्हणत असताना, प्रत्यक्षात एकाच गावाचे अनेक आराखडे अनेक खाती लिहीत आहेत, ही गंमतही नोंदविली पाहिजे. जलयुक्त शिवारासाठी शिवारफेरी झाली आणि पाण्याचा ताळेबंद मांडला गेला. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात सूक्ष्म नियोजन झाले, त्याची समिती वेगळी. जलजीवन मिशनचा २०१९ नंतर गाव कृती आराखडा निघाला, त्याची पाणीपुरवठा व स्वच्छता समिती वेगळी. रोजगार हमीच्या कामांची निवड ग्रामसभेच्या शिफारशीने व्हावी, असे २००५ च्या केंद्रीय कायद्यातच लिहिले होते. त्याचीही यादी वेगळी. आणि या सर्वांना कवेत घेणारा म्हणून जो पंचायत विकास आराखडा, त्याला यांतील एकाचाही पत्ता नसतो. त्याच दहा-बारा माणसांच्या सह्या पाच कागदांवर असतात. जेथे रोजगार हमीतून पाणंद रस्ता व्हावयाचा, तेथेच वित्त आयोगाचे पैसे खडीकरणाला लागतात. आणि ज्या ओढ्यावर बंधाऱ्याची शिफारस एका कागदात आहे, त्याच ओढ्यात दुसऱ्या कागदातील विहिरीचा उद्भव धरलेला असतो. त्यात पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी निधीचा ६० टक्के हिस्सा पाणी व स्वच्छता यांना बांधून दिला. हेतू चांगला होता, पण गावाने लिहावयाच्या पानावर अर्ध्याहून अधिक मजकूर दिल्लीतच छापून आला.

केरळने १९९६ साली जनयोजना मोहीम हाती घेतली तेव्हा आधी पैसा सोडला. राज्याच्या योजना-खर्चाचा ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांना देऊन मगच त्यांना योजना करावयास सांगितले. त्यामुळे ग्रामसभेत मांडलेल्या शब्दाला वजन आले. पण त्याहून शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे त्यांनी सभा आणि लेखन यांच्यामध्ये पायऱ्या बांधल्या. वॉर्डाच्या ग्रामसभेत गटागटाने चर्चा, तेथून विकास परिसंवाद, मग विषयवार कार्यगट, आणि कार्यगटांनी लिहिलेले प्रकल्प तपासावयास निवृत्त अभियंते, प्राध्यापक, डॉक्टर यांच्या स्वयंसेवी समित्या. एकेका विषयाचे पान एकेका गटाने लिहिले. आपल्याकडे गडचिरोलीतील मेंढा-लेखाने तर याहून लहान प्रमाणावर, पण अधिक खोल जाऊन हे केले. तेथे अभ्यासगट वेगळा आणि निर्णय करणारी ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात बाहेरचा माणूस बसू शकतो, मतभेद होऊ शकतात, महिनोन्महिने एकाच प्रश्नाचा कीस काढता येतो; ग्रामसभेत निर्णय होतो तो सर्वसहमतीनेच. त्या सवयीच्या बळावर या गावाने २००९ साली वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क मिळविला. मोठ्या आणि जातीजातींत विभागलेल्या मराठवाडी गावात सर्वसहमतीचा आग्रह धरला तर तो बलिष्ठांचा नकाराधिकार होण्याची भीती आहे, म्हणून मेंढ्याची प्रत काढता येणार नाही. अभ्यास आणि निर्णय यांची फारकत मात्र जशीच्या तशी घेण्यासारखी आहे.

आता नायगाव शहराकडे पाहावे. तालुक्याची ठिकाणे नगरपंचायती करण्याच्या धोरणात नायगावचीही नगरपंचायत झाली. दिवाबत्ती, रस्ते, स्वच्छता यांसाठी निधीचे नवे दार उघडले, हा लाभ झाला. परंतु ज्या दिवशी ग्रामपंचायत गेली त्याच दिवशी ग्रामसभाही गेली. ज्या नागरिकाला काल वर्षातून चार वेळा उभे राहून सरपंचाला हिशेब विचारण्याचा कायदेशीर अधिकार होता, त्याला आज पाच वर्षांतून एकदा मतदान उरले. शहरांसाठी क्षेत्रसभांची तरतूद २००९ साली कायद्यात आली, पण ती कायद्याच्या पुस्तकातच राहिली. विकास योजनेच्या प्रारूपावर ‘हरकती व सूचना’ मागविल्या जातात, तीस दिवसांची मुदत असते. याला सहभाग म्हणण्याची चाल पडली आहे. दुसऱ्याने लिहिलेल्या पानाच्या समासात तक्रार नोंदविणे आणि पान लिहावयास बसणे, यांतील अंतर ज्याची जमीन आरक्षणात गेली आहे त्याला विचारावे. पहिला मसुदा ज्याचा, त्याचीच योजना असते.

आणि वर जिल्ह्याच्या पातळीवर? पंचायती व नगरपालिका यांनी केलेल्या योजना एकत्र करून जिल्ह्याची प्रारूप विकास योजना करावयाची, हे काम घटनेच्या ७४व्या दुरुस्तीने जिल्हा नियोजन समितीकडे सोपविले, आणि तिचे चार-पंचमांश सदस्य स्थानिक संस्थांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातूनच निवडावयाचे असे घटनेतच लिहिले. महाराष्ट्राने १९९८ साली तसा कायदा केला आणि अध्यक्षपद पालकमंत्र्यांकडे दिले. २०२२ साली राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि पुढे वर्षानुवर्षे तेथे प्रशासक बसले. निवडणारेच उरले नाहीत तेव्हा निवडलेले कोठून येणार? डॉ. लोहियांनी चौखंबा राज्याची कल्पना मांडली तेव्हा गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र असे चार खांब त्यांच्यासमोर होते. महाराष्ट्रात दुसरा खांब काढून घेतला गेला आणि छप्पर पडले नाही, याचा अर्थ एवढाच की ते छप्पर त्या खांबावर कधी टेकूच दिले नव्हते. १९६२ साली वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून जिल्हा परिषदा सुरू झाल्या, तेव्हा त्यांच्याकडे दिलेली कामे एकेक करून मुंबईला परत गेली. त्याविरुद्ध आपण ठराव केले, मोर्चे मात्र फारसे काढले नाहीत.

कार्यकर्त्यांनी काय करावयाचे, हा प्रश्न उरतो, आणि त्याला ‘जागृती करावी’ हे उत्तर पुरेसे नाही. प्रत्येक गावात आराखड्याची एक वही असावी, संगणकाच्या बाहेर, कागदाची. वॉर्डागणिक एक लिहिणारा किंवा लिहिणारी असावी. बचतगटांत हिशेब ठेवणाऱ्या बायका आज गावोगाव आहेत, आणि कार्यवृत्त लिहिणाऱ्या कित्येक पुरुषांपेक्षा त्यांचे लिहिणे नेटके असते. ज्याने जे सांगितले ते त्याच्याच शब्दांत, त्याच्या नावासह वहीत यावे. कामाचे नाव आणि रक्कम यांच्या जोडीला ‘हे का हवे’ आणि ‘पैशावाचून होईल का’ असे दोन रकाने असावेत. सर्वांत महत्त्वाचे हे, की एखादी मागणी गाळली तर ती कोणी, कोणत्या कारणाने गाळली हेही वहीतच लिहिले जावे. आराखड्यात सर्वांचे सर्व मावणार नाही, हे सर्वांना समजते. आपले म्हणणे कोठे हरवले हे न कळणे, हे सहन होत नाही. वही एकत्र करून प्रणालीत भरण्याचे काम एकाकडेच असू द्यावे, त्यात काही बिघडत नाही. फक्त त्याने भरलेली प्रत वहीशी ताडून पाहण्याचा अधिकार त्या वॉर्डांच्या लिहिणाऱ्यांना असावा, आणि तो ग्रामसभेने ठराव करून द्यावा.

अशा वहीला विरोध होईल, आणि तो फक्त ठेकेदारांकडून होईल असे समजू नये. आपल्याच पक्षाचे जे थोडे सरपंच व सदस्य आहेत त्यांनाही, लोकांचे काय हवे ते आपल्याला ठाऊकच आहे, असे वाटत असते. बहुधा ते खरेही असते. चांगल्या सरपंचाच्या हाती लेखणी असली की वही कशाला, असा प्रश्न ते विचारतील. तो सरपंच पुढच्या निवडणुकीत पडला, किंवा आरक्षण बदलून त्याची जागा गेली, की त्याच्या डोक्यातील आराखडाही त्याच्याबरोबर घरी जातो. वही ग्रामपंचायतीत राहते. शिवाय महाराष्ट्रात निम्म्या जागांवर महिला निवडून येऊ लागल्याला दीड दशक होत आले. त्यांतील पुष्कळ जणींच्या वतीने अजून नवरा किंवा दीर बोलतो. सभेत बोलण्यापेक्षा वहीत लिहिणे यांतील अनेकींना सोपे जाईल, आणि एकदा स्वतःच्या अक्षरात लिहिलेले काम मंजूर झालेले पाहिले म्हणजे दीराला गप्प बसविणेही.

आरंभ करावयास एक लहान गोष्ट पुरेशी आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीचा मंजूर आराखडा ई-ग्रामस्वराजच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. त्याला अर्ज लागत नाही, शुल्क लागत नाही. नायगाव तालुक्यातील कार्यकर्त्यांनी आपापल्या गावाचा मागील वर्षाचा आराखडा उतरवून घ्यावा आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत तो पहिल्या कामापासून शेवटच्या कामापर्यंत मोठ्याने वाचून दाखवावा : काम, जागा, रक्कम. वाचताना प्रत्येक कामापाशी थांबून, हे कोणी मागितले होते, एवढेच विचारावे, आणि जे उत्तर येईल ते लिहून घ्यावे.